थंड हवामानातील कॅमेऱ्याचे संरक्षण

थंड हवामानातील कॅमेऱ्याचे संरक्षण म्हणजे गोठणबिंदूच्या आसपास किंवा त्याहून कमी तापमानात छायाचित्रण करताना कॅमेरा, लेन्स, बॅटरी आणि टिपलेली छायाचित्रे सुरक्षित राहावीत यासाठी घेतली जाणारी काळजी होय. हिमालय, ध्रुवीय प्रदेश आणि हिवाळ्यात हिमवृष्टी होणारे देश येथील छायाचित्रकारांना या काळजीची नित्य गरज भासते.

या विषयासंबंधीचा सर्वांत रूढ समज असा, की कॅमेऱ्याला धोका थंडीचा असतो. हा समज अर्धाच खरा आहे. थंडीमुळे बॅटरी मंदावते, वंगण घट्ट होते आणि फिल्म ठिसूळ बनते. परंतु हे परिणाम बहुधा तात्पुरते असतात आणि उपकरण पुन्हा उबेत आल्यावर नाहीसे होतात. कायमची हानी होते ती मुख्यतः गार झालेला कॅमेरा उबदार व दमट हवेत एकाएकी आणल्यामुळे. त्या वेळी हवेतील बाष्प कॅमेऱ्याच्या अंतर्बाह्य भागांवर पाणी होऊन साचते. म्हणून या विषयातील बहुतेक नियमांचे सार एका वाक्यात सांगता येते : बॅटरी उबेत ठेवावी, कॅमेरा थंडीतच राहू द्यावा आणि थंडीतून उबेत येण्याचा प्रवास सावकाश घडवावा.

इतिहास

हिमालयाच्या छायाचित्रणाचा आरंभीचा काळ ओल्या कलोडियन पद्धतीचा होता. या पद्धतीत काचेवर रसायनाचा थर देणे, ती ओली असतानाच छायाचित्र घेणे आणि लगेच विकसित करणे ही सर्व कामे जागेवरच, काळोख्या तंबूत करावी लागत. सॅम्युएल बोर्न या ब्रिटिश छायाचित्रकाराने १८६३ ते १८६६ या काळात हिमालयाच्या तीन सफरी केल्या आणि १८६६ मध्ये साडेपाच हजार मीटरांहून उंच असलेल्या मणिरंग खिंडीत छायाचित्रे घेतली. थंडीत रसायने व पाणी वापरण्याजोगे ठेवणे, हीच त्या काळी उपकरणाच्या निगेची मुख्य बाब होती.

पुढे कोरड्या काचपट्ट्या आणि फिल्म प्रचारात आल्यावर छायाचित्रकार ध्रुवांपर्यंत पोहोचले. १८९७ मध्ये स्वीडनचे एस. ए. आंद्रे, नुट फ्रेंकेल आणि निल्स स्ट्रिंडबर्ग हे तिघे हायड्रोजनच्या बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाले. बलून सुमारे तीन दिवसांत बर्फावर उतरले. तिघांनी पायी परतण्याचा प्रयत्न केला, परंतु क्विटओया या निर्जन बेटावर त्यांचा अंत झाला. १९३० मध्ये त्यांचे अवशेष सापडले, तेव्हा स्ट्रिंडबर्ग यांनी टिपलेली फिल्मही मिळाली. तेहेतीस वर्षे थंडीत पडून राहिलेल्या त्या फिल्मवरील सुमारे २४० छायाचित्रांपैकी ९३ छायाचित्रे स्टॉकहोम येथे जॉन हर्ट्झबर्ग यांनी कौशल्याने वाचवली. बर्फावर कोसळलेल्या बलूनचे छायाचित्र त्यांतलेच आहे. माणसे वाचली नाहीत, पण त्यांनी पाहिलेले दृश्य वाचले. अखंड थंडी छायाचित्राचा नाश करतेच असे नाही, याचे हे ठळक उदाहरण मानता येईल.

हर्बर्ट पाँटिंग हे रॉबर्ट स्कॉट यांच्या १९१० ते १९१३ च्या अंटार्क्टिका मोहिमेचे छायाचित्रकार होते. दृश्य स्पष्ट करताना ओठ ओलावत असता त्यांची जीभ कॅमेऱ्याच्या धातूच्या भागाला लागली आणि तत्क्षणी तेथेच चिकटली. ती सोडवताना जिभेच्या टोकाची त्वचा कॅमेऱ्यावरच राहिली, असे त्यांनी नोंदवून ठेवले आहे.

अर्नेस्ट शॅकल्टन यांच्या मोहिमेतील फ्रँक हर्ली यांची कथाही प्रसिद्ध आहे. १९१५ मध्ये 'एन्ड्युरन्स' हे त्यांचे जहाज बर्फाच्या दाबाखाली मोडले. जहाजात शिरलेल्या बर्फमिश्रित पाण्यात उतरून हर्ली यांनी झाळून बंद केलेल्या डब्यांतील काचेच्या निगेटिव्ह बाहेर काढल्या. पुढच्या प्रवासात वजन नेणे अशक्य असल्याने त्यांनी सुमारे १२० निगेटिव्ह निवडून ठेवल्या आणि उरलेल्या सुमारे ४०० फोडून टाकल्या. मोठे कॅमेरेही मागे राहिले. त्यानंतरची छायाचित्रे त्यांनी खिशात मावणाऱ्या एका छोट्या कॅमेऱ्याने आणि फिल्मच्या तीन गुंडाळ्यांवर भागवली. बर्फाळ पाण्यातूनही निगेटिव्ह वाचल्या त्या डबे हवाबंद व जलबंद असल्यामुळे. आजच्या प्लॅस्टिकच्या सीलबंद पिशवीचे तत्त्व तेच आहे.

२९ मे १९५३ रोजी एव्हरेस्टच्या माथ्यावर एडमंड हिलरी यांनी तेनसिंग नोर्गे यांचे जे जगप्रसिद्ध छायाचित्र घेतले, त्यासाठीचा कॅमेरा त्यांनी उबेसाठी कपड्यांच्या आत बाळगला होता. याउलट १९२४ मध्ये एव्हरेस्टवर बेपत्ता झालेले जॉर्ज मॅलरी व अँड्र्यू अर्विन यांच्याजवळचा कॅमेरा अद्याप मिळालेला नाही. मॅलरी यांचा मृतदेह १९९९ मध्ये सापडला, पण कॅमेरा त्याच्यापाशी नव्हता. तो मिळाल्यास ते दोघे शिखरावर पोहोचले होते की नाही, या प्रश्नावर प्रकाश पडू शकेल, अशी आशा गिर्यारोहणाच्या अभ्यासकांना वाटते. त्या आशेचा आधार, गोठलेल्या अवस्थेत फिल्म दीर्घकाळ टिकू शकते, हाच आहे.

थंडीचे परिणाम

बॅटरी

आधुनिक कॅमेऱ्यात सामान्यतः लिथियम-आयन बॅटरी असते. तापमान उतरले की तिच्यातील रासायनिक क्रिया मंदावते आणि अंतर्गत रोध वाढतो. परिणामी कॅमेऱ्याने जास्त विद्युतधारा मागताच विभवांतर घसरते आणि बॅटरी संपल्याचा संकेत मिळून कॅमेरा बंद पडतो. प्रत्यक्षात बॅटरीतील ऊर्जा संपलेली नसते. तीच बॅटरी थोडा वेळ खिशात ठेवून गरम केली, तर पुन्हा काम करू लागते. उणे २० अंश सेल्सिअसच्या सुमारास मिळणारी क्षमता बॅटरीच्या वयानुसार व प्रकारानुसार कमीअधिक होते. जुन्या बॅटरीत ही घट अधिक तीव्र असते.

गोठणबिंदूखालील तापमानात लिथियम-आयन बॅटरी चार्ज करणे मात्र हानिकारक ठरते. अशा वेळी ऋणाग्रावर धातुरूप लिथियमचा थर साचू लागतो. त्यामुळे क्षमता कायमची घटते आणि सुरक्षिततेलाही बाधा येते. म्हणून गारठलेली बॅटरी खोलीच्या तापमानाला आल्यावरच चार्जरला लावावी.

पेन्सिल सेलवर चालणाऱ्या उपकरणांत अल्कलाइन सेल थंडीत लवकर निकामी होतात. निकेल-मेटल हायड्राइड प्रकारचे, पुन्हा चार्ज होणारे सेल त्यांपेक्षा बरे चालतात. एकदाच वापरायचे लिथियम सेल उणे ४० अंशांपर्यंत वापरता येतात.

यांत्रिक भाग व वंगण

शटर, छिद्राची पाती, लेन्सची फोकसची कडी यांच्या हालचालीसाठी वंगण असते. थंडीत ते दाट होते. जुन्या यांत्रिक कॅमेऱ्यांत त्यामुळे शटर मंदावून छायाचित्रावर अपेक्षेपेक्षा अधिक प्रकाश पडे. ध्रुवीय मोहिमांना जाण्यापूर्वी अशा कॅमेऱ्यांचे नेहमीचे वंगण काढून थंडीला योग्य वंगण घालून घेण्याची प्रथा होती. आधुनिक कॅमेऱ्यांतील वंगणे अधिक सहनशील असली, तरी तीव्र थंडीत स्वयंचलित फोकस संथ होतो आणि कडी फिरवण्यास जड जाते.

स्क्रीन

एलसीडी स्क्रीनमधील द्रवस्फटिक गारठल्याने प्रतिमा रेंगाळते, फिकट वा काळपट दिसते. ऊब मिळाल्यावर ती पूर्ववत होते. स्क्रीन नीट दिसत नसला तरी छायाचित्र नीट नोंदले जात असू शकते, हे लक्षात ठेवावे.

फिल्म

थंडीत फिल्म ठिसूळ होते आणि झटका बसल्यास तुटते. अतिथंड हवा अत्यंत कोरडी असल्याने फिल्म वेगाने सरकवताना स्थितिक विद्युत निर्माण होते. तिच्या ठिणग्यांमुळे फिल्मवर विजेच्या फांद्यांसारख्या रेषा उमटतात. फिल्म सावकाश पुढे सरकवणे व सावकाशच परत गुंडाळणे हा त्यावरील उपाय होय.

संवेदक

डिजिटल संवेदकाला थंडी उपकारकच ठरते. उष्णतेमुळे संवेदकात निर्माण होणारी अनिष्ट विद्युतधारा तापमान साधारण ६ ते ८ अंशांनी उतरले की निम्मी होते. म्हणून थंडीत घेतलेल्या दीर्घ प्रकाशनाच्या छायाचित्रांत रवाळपणा कमी असतो. खगोलीय छायाचित्रणासाठीचे संवेदक याच कारणास्तव मुद्दाम थंड केले जातात.

सांद्रीभवन : मुख्य धोका

हवेत किती बाष्प सामावू शकते, हे तापमानावर अवलंबून असते. एक घनमीटर हवा बाष्पाने संपृक्त झाली असता तिच्यातील बाष्पाचे प्रमाण साधारणपणे पुढीलप्रमाणे असते :

उणे २० अंश सेल्सिअस : सुमारे १ ग्रॅम
० अंश : सुमारे ४.८ ग्रॅम
१० अंश : सुमारे ९.४ ग्रॅम
२० अंश : सुमारे १७.३ ग्रॅम
३० अंश : सुमारे ३०.४ ग्रॅम

ज्या तापमानाला हवा बाष्पाने संपृक्त होते, त्याला दवबिंदू तापमान म्हणतात. एखादी वस्तू सभोवतालच्या हवेच्या दवबिंदूपेक्षा थंड असेल, तर तिच्यावर पाणी साचते. थंड पाण्याने भरलेला पेला बाहेरून ओला होतो, तो याच कारणाने.

समजा, खोलीचे तापमान २० अंश आणि सापेक्ष आर्द्रता ५० टक्के आहे. अशा हवेचा दवबिंदू सुमारे ९ अंश असतो. उणे १५ अंशांपर्यंत गारठलेला कॅमेरा या खोलीत उघडा आणला, तर त्याचा प्रत्येक भाग ९ अंशांवर येईपर्यंत त्यावर पाणी साचत राहील. आरंभी त्यावर हिमाचा पातळ थरही धरू शकतो. हे पाणी केवळ बाह्य पृष्ठभागावर राहत नाही. कॅमेरा व लेन्स पूर्णतः हवाबंद नसतात. फोकस वा झूम करताना हवा आत-बाहेर होते आणि दमट हवा आतल्या भिंगांपर्यंत, संवेदकापर्यंत व विद्युतमंडलापर्यंत पोहोचते. त्यातून पुढील प्रकारची हानी संभवते :

१. विद्युतमंडलात लघुपरिपथन होऊन कॅमेरा बंद पडणे.
२. धातूचे जोड व संपर्कबिंदू गंजणे. ही हानी काही आठवड्यांनी वा महिन्यांनी उघड होते, त्यामुळे तिचे कारण सहसा लक्षात येत नाही.
३. आतल्या भिंगांवर ओल टिकून बुरशी वाढणे. बुरशीमुळे भिंगावरील लेप खराब झाल्यास तो पूर्ववत करता येत नाही.
४. ओला कॅमेरा पुन्हा थंडीत नेल्यास आतील पाणी गोठून बटणे, शटर वा झूमची यंत्रणा अडकणे.

याउलट उबदार कॅमेरा थंड हवेत नेल्यास बाहेरून पाणी साचत नाही, कारण बाहेरची हवा त्याच्यापेक्षा थंड व कोरडी असते. फक्त कॅमेऱ्याच्या आत कोंडलेली खोलीतील दमट हवा गार होऊन आतल्या काचेवर किंचित धुके धरू शकते. तसेच उबदार कॅमेऱ्यावर पडलेला हिमकण वितळतो आणि ते पाणी फटींत शिरून गोठते. थंड कॅमेऱ्यावरचा कोरडा हिम मात्र नुसता झटकून टाकता येतो.

संरक्षणाचे उपाय

पूर्वतयारी

निर्मात्याच्या माहितीपुस्तिकेत कॅमेऱ्याच्या वापरासाठीची तापमानमर्यादा दिलेली असते. बहुतेक कॅमेऱ्यांसाठी ती ० ते ४० अंश सेल्सिअस असते. काही मजबूत बांधणीच्या कॅमेऱ्यांसाठी उणे १० अंशांपर्यंत असते. या मर्यादेखाली कॅमेरा चालणारच नाही असे नव्हे. तथापि तेथे त्याच्या कार्याची हमी निर्माता देत नाही.

निघण्यापूर्वी पुढील तयारी उपयुक्त ठरते :

• किमान दोन किंवा तीन अतिरिक्त, पूर्ण चार्ज केलेल्या बॅटऱ्या घ्याव्यात. विमानप्रवासात सुट्या लिथियम बॅटऱ्या सामानघरात न देता सोबतच्या पिशवीत न्याव्या लागतात.
• कॅमेरा आणि प्रत्येक लेन्स मावेल अशा, तोंड घट्ट बंद होणाऱ्या जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या घ्याव्यात.
• सिलिका जेलच्या पुड्या, मऊ ब्रश, भिंग पुसण्याचे कोरडे कापड आणि हवा मारण्याचा रबरी फुगा सोबत ठेवावा.
• मेमरी कार्ड, बॅटरी आणि लेन्स हातमोजे घालून बदलण्याचा सराव घरीच करावा.
• कॅमेऱ्यातील घड्याळ, प्रतिमेचा प्रकार इत्यादी निवडी आधीच करून ठेवाव्यात, म्हणजे बाहेर स्क्रीनचा वापर कमी होतो.

छायाचित्रण करताना

अतिरिक्त बॅटऱ्या अंगाला लागून असलेल्या आतल्या खिशात ठेवाव्यात आणि कॅमेऱ्यातील बॅटरी मंदावताच अदलाबदल करावी. काढलेली बॅटरी लगेच त्याच खिशात ठेवावी. ती गरम झाल्यावर पुन्हा वापरता येते. बॅटरीचे धातूचे टोक नाणी वा किल्ल्यांना लागू नये म्हणून तिच्यावर टोपण असावे. खिशात रासायनिक ऊबदायी पुडी ठेवायची असल्यास ती बॅटरीला थेट टेकवू नये, मध्ये कापडाचा थर असावा.

कॅमेरा मात्र अंगावरच्या जाकिटात वारंवार आत-बाहेर करू नये. चालण्याच्या श्रमाने आलेला घाम आणि अंगाची वाफ यांमुळे जाकिटाच्या आतली हवा दमट असते. तेथे थंड कॅमेरा शिरला की त्यावर ओल धरते आणि तो पुन्हा बाहेर काढल्यावर ती गोठते. हिलरी यांच्याप्रमाणे कॅमेरा सुरुवातीपासून उबेत ठेवून मोजक्याच छायाचित्रांसाठी बाहेर काढणे निराळे, आणि दिवसभर त्याची ये-जा करणे निराळे. दीर्घकाळ काम करायचे असल्यास कॅमेरा पिशवीत पण बाहेरच्या तापमानालाच ठेवणे अधिक सुरक्षित असते.

भिंगावर वा दृश्यदर्शकावर पडलेला हिम फुंकर मारून काढू नये. श्वासातील बाष्प काचेवर तत्काळ गोठते. तो ब्रशने किंवा रबरी फुग्याच्या हवेने काढावा. हिमवृष्टी चालू असता लेन्स शक्यतो बदलू नये आणि समोरचे आच्छादन लावलेले असावे. तापमान शून्याच्या जवळ असेल तर हिम ओला असतो. अशा वेळी पावसाळ्यात वापरतात तसे आवरण घालावे.

निरभ्र रात्री लेन्सचा समोरचा भाग आकाशाकडे उष्णता उत्सर्जित करून भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो आणि त्यावर दव वा हिम धरतो. ताऱ्यांचे छायाचित्रण करणारे म्हणून लेन्सभोवती हलकी ऊब देणारा विद्युत पट्टा गुंडाळतात.

बॅटरी वाचवण्यासाठी टिपलेली छायाचित्रे पुनःपुन्हा पाहणे, अखंड फोकस, वायरलेस जोडणी आणि स्क्रीनवरून चित्रण टाळावे.

आत आणताना

संपूर्ण प्रक्रियेतील हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा होय. त्यातील क्रम पुढीलप्रमाणे असावा :

१. घरात, तंबूत किंवा वाहनात शिरण्यापूर्वी, बाहेरच, कॅमेऱ्यावरचा हिम झटकावा.
२. बाहेरच मेमरी कार्ड आणि बॅटरी काढून घ्यावी. छायाचित्रे पाहण्याची वा बॅटरी चार्ज करण्याची घाई असली, तरी मग पिशवी उघडावी लागत नाही.
३. बाहेरच कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, शक्य तेवढी हवा काढून, तोंड घट्ट बंद करावे. पिशवीत कोंडली जाणारी हवा थंड आणि म्हणूनच कोरडी असते.
४. ही पिशवी कॅमेऱ्याच्या जाड बॅगेत ठेवून आत न्यावी. बॅगेच्या अस्तरामुळे कॅमेरा सावकाश तापतो.
५. बॅग शेगडी, बुखारी वा चुलीजवळ न ठेवता खोलीच्या थंड कोपऱ्यात ठेवावी.
६. कॅमेरा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये. यास सामान्यतः दोन ते चार तास लागतात. मोठ्या टेलिफोटो लेन्सला याहून अधिक वेळ लागू शकतो.

या पद्धतीत खोलीतील बाष्प कॅमेऱ्यावर न साचता पिशवीच्या बाह्य पृष्ठभागावर साचते. थोड्याच वेळाने पुन्हा बाहेर जायचे असेल, तर कॅमेरा आत आणूच नये; पडवीत, थंड ओसरीत किंवा वाहनाच्या डिकीत सुरक्षित ठेवावा.

तंबूतील मुक्कामात श्वासोच्छ्वासामुळे हवा दमट होते आणि पहाटे तंबूच्या आतल्या बाजूस हिम धरतो. म्हणून तंबूत कॅमेरा सीलबंद पिशवीतच असावा. बॅटऱ्या मोज्यात गुंडाळून स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपण्याची गिर्यारोहकांची जुनी सवय आहे.

कॅमेरा ओला झाल्यास

सांद्रीभवन झालेच, तर कॅमेरा चालू करू नये. चालू असल्यास बंद करून बॅटरी काढावी. बाहेरचे पाणी कोरड्या कापडाने टिपून घ्यावे. त्यानंतर कॅमेरा सिलिका जेलसह बंद डब्यात किंवा कोरड्या, हवेशीर खोलीत किमान एक दिवस ठेवावा. केस वाळवण्याचे यंत्र वापरू नये. त्याच्या उष्ण झोतामुळे बाष्प अधिक आत ढकलले जाते आणि चिकटवलेले भाग सैल होऊ शकतात. ओला कॅमेरा तांदळात ठेवण्याचा उपायही टाळावा, कारण तांदळाची भुकटी फटींत शिरते. ओल असताना लेन्स काढू नये, अन्यथा दमट हवा थेट संवेदकापर्यंत जाते.

भ्रमणध्वनी आणि स्वयंचलित कॅमेरे

अनेक स्मार्टफोनसाठी वापराची तापमानमर्यादा ० ते ३५ अंश सेल्सिअस अशी दिलेली असते. त्यांची बॅटरी सहसा काढता येत नसल्याने संपूर्ण फोनच आतल्या खिशात ठेवावा लागतो. थंडीत तो बॅटरी शिल्लक दिसत असतानाही अचानक बंद पडू शकतो. अशा वेळी तो तत्काळ चार्जरला न लावता आधी गरम होऊ द्यावा.

वन्यप्राण्यांच्या अभ्यासासाठी लावलेले स्वयंचलित कॅमेरे आठवडेच्या आठवडे थंडीत राहतात. भारतातील हिमबिबट्यांच्या पहिल्या शास्त्रीय गणनेत असे कॅमेरे वापरण्यात आले. जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार देशात ७१८ हिमबिबटे असल्याचा अंदाज आहे, त्यांपैकी ४७७ लडाखमध्ये आहेत. हे कॅमेरे माणसासोबत उबेत ये-जा करीत नसल्याने त्यांना सांद्रीभवनाचा त्रास तुलनेने कमी होतो. त्यांचा मुख्य प्रश्न बॅटरीचा असतो.

छायाचित्रकाराची सुरक्षितता

उणे तापमानात उघडी त्वचा धातूला चिकटते, हे पाँटिंग यांच्या अनुभवावरून स्पष्ट होते. कॅमेऱ्याच्या मागील भागास नाक वा गाल टेकतात, तेथे पातळ फोम चिकटवण्याची पद्धत आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या ट्रायपॉडच्या पायांवरही फोमचे आवरण घालतात; कार्बन फायबरचे ट्रायपॉड हाताला तितके गार लागत नाहीत. बोटांसाठी दुहेरी हातमोजे उपयोगी पडतात : आत पातळ मोजा, वरून जाड मोजा. छायाचित्र घेताना फक्त वरचा काढावा. बोटे बधिर होणे किंवा त्वचा पांढुरकी पडणे ही हिमदंशाची पूर्वलक्षणे असू शकतात. अशा वेळी छायाचित्रण थांबवणे हेच योग्य.

प्रचलित गैरसमज

वाऱ्यामुळे कॅमेरा हवेच्या तापमानापेक्षाही गार होतो, असे काहींना वाटते. वास्तविक वाऱ्यामुळे जाणवणारी अधिक थंडी ही उबदार शरीरापुरती असते. कोरडा कॅमेरा वाऱ्याने लवकर गारठतो, पण वाऱ्यामुळे त्याचे तापमान हवेच्या तापमानाखाली जात नाही.

पाऊस व धूळ यांपासून संरक्षण असलेल्या कॅमेऱ्यास सांद्रीभवनाची भीती नाही, हाही गैरसमज होय. अशा कॅमेऱ्याची बांधणी पाण्याच्या थेंबांना अडवते. बाष्पयुक्त हवा मात्र लेन्सच्या हालचालीबरोबर आत शिरू शकते.

भारतातील संदर्भ

लडाखमध्ये हिवाळ्यातील छायाचित्रण अलीकडे वाढले आहे. लेह येथे जानेवारीत रात्रीचे तापमान उणे १५ अंशांच्या आसपास जाते, तर द्रास येथे ते उणे २० अंशांच्याही खाली उतरते. गोठलेल्या झंस्कार नदीवरील चादर ट्रेक, हेमिस राष्ट्रीय उद्यान आणि हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यात हिमबिबट्यांच्या शोधात होणाऱ्या सहली यांत महाराष्ट्रातील गिरिभ्रमणप्रेमीही सहभागी होतात. तेथील घरांत दिवसाचे बरेच व्यवहार बुखारीने तापलेल्या स्वयंपाकघरात होतात. उकळते पाणी, रटरटणारे थुक्पाचे भांडे आणि माणसांचा श्वास यांमुळे ती खोली घरातली सर्वांत उबदार तशीच सर्वांत दमट जागा असते. दिवसभर बाहेर वापरलेला कॅमेरा प्रेमाने त्याच खोलीत आणला जातो आणि नेमकी तेथेच त्याची हानी होते.

भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी त्या खंडावर पोहोचली. भारताच्या ध्रुवीय मोहिमांचे नियोजन करणारे राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र गोव्यातील वास्को द गामा येथे आहे. अंटार्क्टिकाच्या कोरड्या थंडीतून गोव्याच्या दमट किनाऱ्यावर परतणारे प्रत्येक उपकरण सांद्रीभवनाच्या दृष्टीने दोन टोकांमधला प्रवास करते.

महाराष्ट्रात तीव्र थंडी क्वचितच पडते. महाबळेश्वरच्या वेण्णा तलाव व लिंगमळा परिसरात हिवाळ्यातील काही पहाटे दवबिंदू गोठतात, तेवढाच तिचा अनुभव. तथापि सांद्रीभवनाचा धोका येथेही आहे. कोकणात पावसाळ्यात हवेचे तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे २६ अंश असतो. वातानुकूलित मोटारीत वा खोलीत २२ अंशांपर्यंत गार झालेला कॅमेरा अशा हवेत बाहेर काढताच त्याचे भिंग धुक्याने भरते. येथे थंडी बाहेर नसून आत असते, एवढाच काय तो फरक. उपायही तोच : बाहेर पडण्यापूर्वी कॅमेरा पिशवीत बंद करावा आणि बाहेरच्या तापमानाला आल्यावर उघडावा.

जुन्या फिल्मच्या जतनातही हेच तत्त्व पाळले जाते. पुणे येथे १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या संस्था फिल्म तापमान नियंत्रित कोठारांत ठेवतात. गार कोठारातील फिल्म बाहेर काढताना डबा लगेच उघडत नाहीत. तो खोलीच्या तापमानाला येऊ देतात. थंडी फिल्मचे आयुष्य वाढवते, परंतु तिच्यातून बाहेर येण्याची घाई ते कमी करते.

हे सुद्धा पहा

छायाचित्रण
दवबिंदू
सापेक्ष आर्द्रता
लिथियम-आयन बॅटरी
हिमदंश
अंटार्क्टिका